इंजिनावर उधळलेला भंडारा

गेल्या महिन्यात एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मोटार शर्यतींवर लेख आला होता. परदेशातल्या मोठ्या शर्यतींचे दाखले देऊन लेखकाने ठामपणे लिहिले होते की, लहान संघ इंजिनाचा पुरवठादार बदलतात ते केवळ वेगाच्या हव्यासापोटी. मी त्याच दुपारी संपादकांस पत्र लिहिले. पत्रास परिशिष्टे जोडली होती, आणि ती आवश्यक होती. संपादकांनी त्यातल्या तीन ओळी छापल्या आणि त्या तीन ओळींतही 'हव्यास' हा शब्द माझ्याच तोंडी घातला. त्याबद्दल दुसरे पत्र नोंदणीकृत टपालाने गेले आहे. त्याचे उत्तर येणार नाही, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे सगळी हकीकत मी येथे सविस्तर देत आहे.

मी साताऱ्यात न्यायालयाच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालो. मी वकील नव्हतो, परंतु वकिलांचे अर्ज परत करण्याचा अधिकार मजकडे होता, आणि तो मी सढळ हाताने वापरला. निवृत्तीनंतर हा स्वभाव कोठे ठेवावा, हा प्रश्नच होता. तो वीज मंडळ, एस.टी.चे आगार आणि आमच्या गल्लीतला मंडपवाला यांनी आपापसांत वाटून घेतला. अशा वेळी माझ्या धाकट्या भावाने शर्यतीचा संघ काढला.

भाऊ सैन्यात वाहनदुरुस्तीच्या पलटणीत होता. परत आल्यावर त्याने कोरेगाव रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. पोटापाण्यासाठी तो उसाच्या ट्रॉल्यांचे जोडकाम करी आणि उरलेल्या वेळात आपल्या मुलीसाठी शर्यतीची गाडी बांधी. गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, एकच आसन, चार चाके आणि पाठीमागे मोटारसायकलचे इंजिन. ती चालवायची मुरमाच्या मैदानावर. धूळ इतकी की पहिल्या फेरीनंतर प्रेक्षक आणि स्पर्धक एकाच रंगाचे होतात. माझी पुतणी ही गाडी चालवते. ती अभियांत्रिकी शिकली आहे, वागायला शांत आहे, आणि वळणावर मात्र तिच्यात कोण संचारते ते मला अद्याप कळलेले नाही.

या शर्यतींचा एक नियम येथे सांगणे भाग आहे. सर्वांची इंजिने एकाच जातीची असतात, म्हणजे कस चालवणाऱ्याचा लागावा. इंजिन विकत घ्यायचे नाही. संयोजकांनी मान्य केलेल्या पुरवठादाराकडून हंगामापुरते करारावर घ्यायचे. त्याच्या पेचांतून तार ओवून तिला शिशाची मोहोर मारलेली असते, तिला सगळे सील म्हणतात. सील तुटले की संघ बाद. इंजिन उघडायचे, दुरुस्त करायचे ते पुरवठादारानेच.

मान्यताप्राप्त पुरवठादार दोनच. पहिला मोठा, त्याची काचेची कचेरी होती, आणि त्याचा स्वतःचाही संघ याच शर्यतींत उतरत असे. भावाने त्याचा करार माझ्यापुढे ठेवला. त्यात एक कलम होते : पुरवठादार दिलेल्या इंजिनाऐवजी 'दुसरे समतुल्य इंजिन' केव्हाही देऊ शकेल. मी पेन्सिल खाली ठेवली.

"समतुल्य कोण ठरवणार?" मी विचारले.

"त्यो ठरवंल की."

"म्हणजे वादी तोच, न्यायाधीशही तोच. सही करू नकोस."

"आप्पा," भाऊ म्हणाला, "तुमी कवा कुणाला कशावर सही करू दिलीया का? माझ्या लग्नात रजिस्टरवर सही कराय बी तुमी पान उलटून बघितलं व्हतं."

त्याने सही केली. पान मी उलटून पाहिले होते, हे खरे आहे. मागे काही लिहिलेले नव्हते.

आमच्या गावी मोटारी येण्यापूर्वी पैऱ्याची पद्धत होती आणि अजूनही कोठे कोठे आहे. तुझा एक बैल, माझा एक बैल. दोघांची जोडी करून आज तुझे रान नांगरायचे, उद्या माझे. या व्यवहाराला कागद नसे. पण एक नियम कागदाहून पक्का होता. पैऱ्याचा बैल दावणीला आला की वैरण आधी त्याच्यापुढे टाकायची, मग आपल्या बैलापुढे. का, तर आपल्या बैलाला आपण आहोतच. परक्याच्या बैलाला आपल्या दारात आपल्यावाचून कोणी नाही. मला हा नियम वडिलांनी हातात पेंढी देऊन शिकवला. ज्याचा स्वतःचा संघ आहे अशा पुरवठादाराकडून इंजिन घेताना एकच गोष्ट विचारायची असते, की वैरण आधी कोणापुढे पडणार. हा प्रश्न कोणत्याही करारनाम्यात मी पाहिलेला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला पुतणी बरी चालवत होती. नवरात्राच्या आधी फलटणकडे झालेल्या शर्यतीत तिने पुरवठादाराच्या स्वतःच्या गाडीला शेवटच्या वळणावर आतून मागे टाकले. आम्ही पेढे वाटले. पुरवठादारानेही एक घेतला. तो त्याने खाल्ल्याचे मात्र कोणी पाहिले नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रे, अवजारे आणि वाहने धुऊन पुजतात. साताऱ्याकडची माणसे हळदीकुंकवाची बोटे ओढतात, झेंडूची माळ घालतात आणि मोकळी होतात. माझी भावजय माण तालुक्यातली. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे, देव बिरोबा, आणि तिथे पूजा म्हणजे भंडारा उधळणे. भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि ती चिमटीने नव्हे, मुठीने. भावजयीने गाडीपुढे नारळ फोडला, "चांगभलं!" म्हणाली आणि मूठभर भंडारा थेट इंजिनावर मारला. इंजिन हवेने थंड होणारे, त्याला अंगभर पातळ पात्यांच्या ओळी असतात. वंगणाने ओल्या त्या पात्यांच्या फटींत भंडारा जाऊन बसला. शिशाचे सीलही पिवळे झाले.

"अगं, सीलवर कशाला?" भाऊ ओरडला.

"त्येला बी देव लागतोयच की," भावजय म्हणाली.

दसरा उलटताच पुरवठादाराचा निरोप आला, की इंजिन तपासणीसाठी पाठवा. आठवडाभराने इंजिन परत आले. चकचकीत, नवे सील, एक कणही पिवळा नाही. पुतणीने शेडच्या मागच्या मैदानात एक फेरी मारली, गाडी थांबवली आणि शिरस्त्राण काढून नुसती बसून राहिली.

"काय झालं?" मी विचारले.

"आप्पा, हे आपलं नाही. हे सरळ पट्ट्यावर धाप टाकतंय."

"तपासणीनंतर थोडे जड जात असेल."

"तुम्हाला कुणी दुसऱ्याची चप्पल आणून दिली तर कळेल की नाही?"

हा युक्तिवाद अमान्य करण्यासारखा नव्हता. त्यानंतरच्या शर्यतीत ती सातवी आली. आता उरली एकच शर्यत, सांगलीजवळची, हंगामाची शेवटची. तिचे महत्त्व असे, की तिच्यात पहिल्या तिघांत येणाऱ्यांना दक्षिणेकडचा एक मोठा संघ चाचणीसाठी बोलावणार होता. पुतणीने त्यासाठी पुण्याची नोकरी एक वर्ष लांबवली होती. कंपनी आणखी थांबणार नव्हती. या शर्यतीत धाप टाकणारे इंजिन म्हणजे तिच्या गाडीचा शेवट, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

मी लिहीत होतो. पुरवठादारास पहिले पत्र सौम्य होते. दुसऱ्यात मी 'अन्यथा' हा शब्द वापरला. तिसऱ्यात त्याचाच अर्थ विशद केला. उत्तर एका ओळीचे आले, की इंजिन समतुल्य आहे. मग मी भावाला म्हणालो, पुरवठादार बदल.

दुसरा पुरवठादार तासगावचा. द्राक्षबागांत औषध फवारायच्या यंत्रांची दुरुस्ती हा त्याचा मूळ धंदा. इंजिनांचा परवाना त्याने हौसेने काढलेला. आम्ही गेलो तेव्हा तो फवारणीच्या पंख्यात डोके घालून उभा होता.

"तुमचं इंजिन चांगलं आहे का?" मी विचारले.

"बरं हाय. लय भारी म्हणणार न्हाई."

"मग तुमच्याकडे का यावं?"

तो पंख्यातून बाहेर आला आणि हसला. "आवं, मला सोताचा संघ न्हाई. तवा माझं त्यातल्या त्यात बरं इंजिन मी लपवू कुणासाठी? द्राक्षासाठी?"

मी तिथेच भावाकडे पाहिले. लहान संघ पुरवठादार का बदलतात, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला कोणत्याही पुरवणीत आढळलेले नाही.

परंतु नियमानुसार हंगामात पुरवठादार बदलायचा तर पहिल्याचे ना-हरकत पत्र लागते. ते त्याने दिले नाही. उलट संयोजकांकडे तक्रार केली, की तपासणीस आलेल्या आमच्या इंजिनाच्या सीलवर संशयास्पद पिवळा पदार्थ होता, सील हाताळले गेले आहे, संघाला बाद करावे. संयोजकांनी ठरवले, की दोन्ही बाजू शर्यतीच्या दिवशी सकाळी मैदानावर ऐकू.

मी काळा कोट घालून गेलो. मुरमाच्या मैदानावर तो दहा मिनिटांत खाकी झाला. मंडपात टेबलामागे तीन संयोजक. प्रमुख एक निवृत्त सुभेदार, ज्यांच्या मिशांना कोणाचीही हरकत चालत नव्हती. बाहेर गाड्या उभ्या होत्या, इंजिने गरम करणे चालू होते. तासगावकर आपले इंजिन टेम्पोत घालून आला होता आणि टेम्पोतच बसून भडंग खात होता. पुतणी गाडीशेजारी उभी. हातमोजे काढत होती, घालत होती.

पुरवठादार पांढऱ्या सदऱ्यात आला. त्याने तक्रार सांगितली.

"पिवळा पदार्थ म्हणजे भंडारा," मी म्हणालो. "पूजेचा. त्याने शिसे तुटत नाही."

"काका, आम्ही विज्ञान मानतो," तो म्हणाला. "पूजेच्या आड काय केलं ते कोणी पाहिलंय?"

"ते इंजिन आता कुठे आहे?" सुभेदारांनी विचारले.

"साहेब, पुरावा म्हणून आमच्या कारखान्यात कपाटात बंद आहे. तपासणीला उतरवलं तसं. कोणी बोट लावलेलं नाही."

मी माझ्या उत्तराची प्रत उघडली. मुद्दे क्रमाने होते आणि पहिला मुद्दा 'पदार्थ' या शब्दाच्या व्याप्तीविषयी होता. मी सुरुवात करणार तोच मंडपाच्या दोरीपाशी भावजय येऊन उभी राहिली. तिच्या हातात लेकीला ओवाळायचे ताट होते. माझ्याशी ती वर्षातून चार वाक्ये बोलते, आणि त्यातली दोन संक्रांतीला.

"आवं भावजी," ती म्हणाली, "हळद करपतीया."

"घरचे नंतर बघू," मी म्हणालो.

"घरची न्हवं. हितं. वास घ्या की वाईच."

मी वास घेतला. धूळ, पेट्रोल, जळके वंगण, आणि या सगळ्याच्या वर, निर्विवादपणे, फोडणीत जरा जास्त वेळ राहिलेली हळद. सुभेदारांनीही मिशा वर केल्या.

"भडंग असेल," पुरवठादार घाईने म्हणाला.

"माझं भडंग गार हाय!" टेम्पोतून आवाज आला.

भावजय ताट सांभाळत वासामागे चालू लागली. तिच्यामागे सुभेदार, मग दोन संयोजक, मग मी, मग भाऊ. देवाची पालखी निघावी तसे आम्ही गाड्यांच्या रांगेतून गेलो. ती थांबली पुरवठादाराच्या स्वतःच्या संघाच्या गाडीपाशी. इंजिन चांगले तापले होते. भाऊ गुडघ्यांवर बसला, आत विजेरी मारली आणि म्हणाला, "जय बिरोबा!"

बाहेरून ते आरशासारखे पुसलेले होते. पण पात्यांच्या खोल फटींत पिवळे थर तसेच होते, कडेने करपून तपकिरी झालेले. ते इंजिन पाण्याने धुतलेले असणार. हळद पाण्याने जाते असे ज्याला वाटते, त्याने स्वतःच्या लग्नातला शर्ट आठवावा.

"हे तुमचं कपाट का?" सुभेदारांनी पुरवठादाराला विचारले.

अशी माणसे गप्प राहिली असती तर न्यायालये ओस पडली असती. "साहेब, करारात आहे," तो म्हणाला. "आमची सगळी इंजिनं समतुल्य. कुठलंही कुणालाही लावायचा आम्हाला हक्क आहे. चुकून हे आमच्या गाडीला लागलं. यांना दिलंय ते अगदी याच्याच तोडीचं आहे."

भावाची मूठ वळलेली मी पाहिली. माझाही राग मस्तकात गेला होता, परंतु रागाने एक उपकार केला : उत्तराची प्रत माझ्या हातून खाली पडली आणि तिच्यावाचून बोलणे भाग पडले.

"मला प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मान्य आहे," मी म्हणालो.

भाऊ दचकला. "आप्पा!"

"दोन्ही इंजिने समतुल्य आहेत. तसे असेल तर आमची एकच विनंती. आमच्या गाडीला त्यांनी दिलेले इंजिन आत्ता उतरवावे आणि त्यांच्या गाडीला बसवावे. आणि त्यांनी त्यावर आजची शर्यत खेळावी."

पुरवठादाराच्या गाडीचा चालक, एक उंच मुलगा, सांगाड्यावरून खाली उतरला आणि मालकाच्या कानात बोलला. कानात बोलायला तो फार उंच पडला. सगळ्यांना ऐकू आले.

"ते नको हां. ते मरतुकडं आहे, तुम्हीच म्हणालात."

सुभेदार आधी माझ्याकडे, मग मुलाकडे पाहत राहिले. मग ते हसू लागले आणि मिशा धरून हसत राहिले. त्या चालकाला मी आजही मनोमन नमस्कार करतो. साक्ष अशी असावी, थोडकी आणि स्वखुशीची.

सीलची तक्रार जागीच निकालात निघाली. ना-हरकत पत्र सुभेदारांनी स्वतः मंजूर केले. पुरवठादाराची गाडी बाद करायची की नाही, यावर विचार सुरू झाला, आणि तेवढ्यात त्याने शेवटचा डाव टाकला. तो पुतणीपाशी गेला आणि एकदम गोड झाला.

"ताई, तुमचं हे इंजिन घ्या परत. आत्ताच बसवून देतो. मैदानात याच्याएवढं दुसरं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडेच राहा. तासगावच्या त्या फवारणी पंपावर कुठं तिसरी येणार तुम्ही?"

ते खरे होते, आणि त्यातच पेच होता. तिला पहिल्या तिघांत यायचे होते. सर्वांत वेगवान इंजिन समोर ठेवलेले होते. लेखकमहाशयांचा 'हव्यास' असता, तर तिने ते तत्काळ उचलले असते. मी तोंड उघडले. भावाने माझा कोट मागून ओढला. "तिला बोलू द्या."

पुतणीने इंजिनाकडे पाहिले. ते तिचे लाडके होते, हे चेहऱ्यावर दिसत होते. मग तिने आईच्या ताटातली चिमूटभर हळद घेऊन कपाळाला लावली.

"नको," ती म्हणाली. "आज देताय. पुढच्या वेळी मी तुमच्या पुढं गेले की परत तपासणीला बोलवाल. मला रोज रात्री इंजिनाला कुलूप लावून झोपायचं नाही." आणि टेम्पोकडे वळून : "काका, उतरवा तुमचं!"

"आलो गं बाय!" तासगावकर म्हणाला आणि भडंगाची पुडी त्याने खिशात घातली.

संयोजकांनी पुरवठादाराच्या गाडीला सर्वांत शेवटी उभे राहून खेळण्याची मुभा दिली. तिला मी लेखी हरकत घेतली. ती नोंदवून घेण्यात आली, एवढेच. पहिल्या काही फेऱ्यांत पुतणी सहावी होती. सरळ पट्ट्यावर लोक तिला सहज गाठत, वळणावर ती त्यांना परत मागे टाकत असे. तासगावकर प्रत्येक वेळी ती पट्ट्यावर आली की "चल गं माझ्या द्राक्षा!" असे ओरडत होता. मागून तो उंच मुलगा एकेकाला मागे टाकत आला, आणि त्याच्याबरोबर करपलेल्या हळदीचा वासही. शेवटच्या फेरीला ती तिसरी होती आणि तो चौथा. पट्ट्यावर तो तिच्या बरोबरीला आला. शेवटचे वळण फलटणसारखेच होते. ती आतून गेली. तो बाहेरून गेला, आणि बाहेर मुरूम सैल होता.

ती तिसरी आली. मी न्यायालयात कधीही टाळी वाजवली नव्हती. कशी वाजवतात ते त्या दिवशी माझ्या हातांना आपोआप कळले. भावजयीने उरलेला भंडारा उधळला. तो माझ्या काळ्या कोटावर आहे आणि धुण्याने गेलेला नाही.

दक्षिणेच्या संघाने तिला चाचणीला बोलावले. ती जाण्याआधी मी तासगावकराशी पुढच्या हंगामाचा करार लिहून काढला. त्याचे म्हणणे, "कागद कशाला, आपला पैरा हाय की." मी म्हणालो, पैरा आहे म्हणूनच लिहायचे. कराराचे पहिले कलम असे : पुरवठादार आपल्यापाशी असलेले उत्तम इंजिन प्रथम या संघास देईल. दुसरे कलम भावजयीने सांगितले आणि मी शब्दांत बसवले : खंडेनवमीस इंजिनावर, सीलसह, भंडारा उधळणे हा सीलमध्ये हस्तक्षेप समजला जाणार नाही. 'समतुल्य' हा शब्द कोठेही नाही. तासगावकराने न वाचता सही केली. मी त्याला पान उलटून पाहायला लावले.

पुतणी निघाली तेव्हा आईने पिशवीत भंडाऱ्याची पुडी दिली. मी एक पाकीट दिले. त्यात काही नव्हते, कोरे होते, वर फक्त माझा पत्ता आणि तिकीट.

"हे कशाला आप्पा?" तिने विचारले.

"ते लोक जो कागद पुढे करतील तो सही करण्याआधी यात घालून पाठव. आणि हो, त्यांना विचार, त्यांचा स्वतःचा इंजिनांचा कारखाना आहे का."

"आणि असला तर?"

भाऊ मोटारसायकलला किक मारत म्हणाला, "असला तर पुडी उघड."